प्रमाण, मात्रा आणि कस : बजबज ते मुंबई — औषध-विश्लेषणाच्या विद्याशाखेचा तौलनिक इतिहास

१. बजबजचा धक्का

कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या पूर्वतीरावर वसलेले बजबज हे गाव आधुनिक भारताच्या इतिहासात दोन आगमनांसाठी ओळखले जाते. फेब्रुवारी १८९७ मध्ये पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद येथेच जहाजावरून उतरले आणि आगगाडीने सियालदहला पोहोचले. २९ सप्टेंबर १९१४ रोजी कॅनडाने परत पाठवलेल्या 'कोमागाता मारू' जहाजावरील प्रवाशांवर येथेच गोळीबार झाला. दोन्ही प्रसंगी प्रश्न होता तो आत येणाऱ्याची ओळख कोणी आणि कोणत्या निकषावर ठरवायची, हा. बजबजच्या तिसऱ्या आगमनाकडे मात्र इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ते आगमन माणसांचे नसून द्रव्यांचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात कलकत्ता बंदरात येणाऱ्या खनिज तेलासाठी बजबज येथे स्वतंत्र धक्का व साठवणव्यवस्था उभी राहिली. शहरापासून दूर, नदीच्या खालच्या अंगाला ही जागा निवडण्याचे कारण उघड होते : घासलेटाला आग लागली तर शहर वाचावे. याच काळात पेट्रोलियमविषयक कायदे झाले. आयात तेलाचा नमुना घ्यावा, ठरावीक उपकरणात तो तापवावा, कोणत्या तापमानाला त्याची वाफ पेट घेते ते पाहावे आणि त्यानुसार तेल 'धोकादायक' की 'सामान्य' ते ठरवावे, अशी तपशीलवार पद्धत १८८६ च्या कायद्याने घालून दिली. रासायनिक चाचणी ही कायद्याची भाषा बनल्याचे हिंदुस्थानातील हे एक आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

याच नदीने, याच बंदरात क्विनीनच्या पेट्या, टिंक्चरच्या बाटल्या आणि पेटंट औषधेही येत होती. त्यांच्या गुणवत्तेसाठी मात्र देशव्यापी कायदा झाला तो १९४० मध्ये. दिव्यात जाळायच्या तेलाला प्रमाण मिळाले आणि पोटात घ्यायच्या औषधाला ते मिळण्यासाठी आणखी अर्धशतक जावे लागले. हे अंतर विज्ञानाच्या अभावातून आलेले नव्हते. तेलाचा धोका गोदामाला व मालमत्तेला होता. औषधाचा धोका रोग्याला होता, आणि रोगी विखुरलेला, एकाकी व बहुधा निरक्षर होता. औषध-विश्लेषण ही विद्याशाखा या अंतरातच जन्मली. तिची जडणघडण कलकत्त्यात कशी झाली, मराठी भाषक प्रदेशाशी तिचा संबंध कसा आला आणि भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकाला तिच्यात काय सापडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. विश्लेषकाची कारकीर्द : प्रफुल्लचंद्र राय

प्रफुल्लचंद्र राय (१८६१–१९४४) यांची प्रतिमा सामान्यतः तीन रूपांत रूढ आहे : 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' लिहिणारे विद्वान, 'बंगाल केमिकल'चे संस्थापक आणि खादीधारी राष्ट्रसेवक. या तिन्ही रूपांच्या मुळाशी असलेला विश्लेषणात्मक रसायनज्ञ मात्र बाजूला राहिला आहे. एडिंबरो विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी १८८७ मध्ये मिळवून ते परतले आणि १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर रुजू झाले. तुल्य पात्रतेच्या इंग्रज प्राध्यापकांना खुली असलेली वरिष्ठ सेवाश्रेणी त्यांना मिळाली नाही. या परिस्थितीत त्यांनी हाती घेतलेला आरंभीचा मोठा संशोधनविषय होता तूप आणि मोहरीचे तेल.

हा विषय आज क्षुल्लक वाटेल. परंतु त्यातील पद्धतीचा प्रश्न मूलगामी होता. बाजारातील तुपात भेसळ आहे हे सिद्ध करायचे तर निर्भेळ तूप म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते. आणि निर्भेळ म्हणून विकला जाणारा प्रत्येक नमुना स्वतःच संशयास्पद असतो. राय यांनी गाई आपल्या डोळ्यांदेखत दोहवून घेतल्या, त्या दुधाचे लोणी आणि लोण्याचे तूप करविले, मोहरीचे तेलही खात्रीच्या बियांपासून काढविले आणि मगच त्यांचे रासायनिक स्थिरांक निश्चित केले. १८९४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. हस्तलिखितांतील प्रक्षेप ओळखायचे तर मूळ पाठाची काही कल्पना हाती असावी लागते, आणि ती कल्पना उपलब्ध हस्तलिखितांतूनच उभी करावी लागते. दोन्ही ठिकाणी अभ्यासक एका वर्तुळात उभा असतो व त्यातून बाहेर पडण्याची शिस्त त्याला शोधावी लागते. अर्थात दोहोंत एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. रसायनज्ञ गाय दोहवून मूळ पाठ नव्याने निर्माण करू शकतो. संपादकाला ती सोय नसते. राय यांनी दोन्ही कामे केली. १९१० मध्ये 'रसार्णव' या रसशास्त्रीय संस्कृत ग्रंथाची त्यांनी सहसंपादित केलेली आवृत्ती 'बिब्लिओथिका इंडिका' मालेत निघाली. त्यांच्या इतिहासग्रंथाचे दोन खंड १९०२ व १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तूप तपासणारा आणि तंत्रग्रंथ संपादित करणारा, अशी दोन माणसे येथे कल्पिण्याचे कारण नाही; शुद्ध काय हे ठरविण्याची एकच वृत्ती दोन क्षेत्रांत काम करीत होती.

याच वृत्तीतून औषधनिर्मितीचा प्रयोग सुरू झाला. १८९२ च्या सुमारास अप्पर सर्क्युलर रोडवरील ९१ क्रमांकाच्या भाड्याच्या घरात राय यांनी शेकड्यांत मोजावे इतक्या अल्प भांडवलावर काम आरंभिले. सोडियम फॉस्फेटसाठी खाटकांकडून आणलेली हाडे घराच्या गच्चीवर वाळत घातली जात, कावळे ती उचलून शेजाऱ्यांच्या दारात टाकीत आणि तक्रारी येत, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नोंदविले आहे. ब्रिटिश फार्माकोपियातील औषधे देशात बनवावीत आणि त्यांच्या जोडीला अडुळसा, कुडा, ओवा, कालमेघ अशा देशी वनस्पतींचे अर्क त्याच काटेकोरपणे तयार करावेत, असा हा प्रकल्प होता. देशी औषधांच्या बाजूला डॉ. अमूल्यचरण बोस यांचा आग्रह कारणीभूत होता. ते १८९८ मध्ये प्लेगने गेले. दुसरे तरुण सहकारी सतीशचंद्र सिंह प्रयोगशाळेत हायड्रोसायनिक आम्लाच्या अपघाती विषबाधेने दगावले. १९०१ मध्ये या उद्योगाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले.

त्या वेळच्या राय यांचे एक चित्र मराठी माणसाच्या मध्यस्थीने भारतीय वाङ्मयात आले आहे. १९०१ च्या काँग्रेस अधिवेशनानंतर गांधीजी कलकत्त्यात गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे राहिले. शेजारीच राहणाऱ्या प्रफुल्लचंद्रांची ओळख गोखल्यांनी करून दिली ती अशी की, या प्राध्यापकाला दरमहा ८०० रुपये मिळतात, त्यातील ४० रुपये तो स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले सार्वजनिक कार्याला देतो. गांधीजींच्या आत्मकथेत ही ओळख आली आहे. गणिताचे अध्यापन केलेल्या आणि अंदाजपत्रकावरील भाषणांसाठी गाजलेल्या गोखल्यांनी रसायनज्ञाचे माहात्म्य आकड्यांत सांगावे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते.

३. 'कज्जली' आणि कोश

बंगाल केमिकलच्या इतिहासातील दुसरी व्यक्ती तौलनिक साहित्याच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे. रसायनशास्त्रातील एम. ए. झालेले राजशेखर बसू (१८८०–१९६०) १९०३ मध्ये या कंपनीत आले आणि पुढे तिचे व्यवस्थापक झाले. हेच बंगाली विनोदी वाङ्मयातील 'परशुराम'. त्यांच्या 'गड्डलिका' (१९२४) आणि 'कज्जली' (१९२७) या कथासंग्रहांतून भोंदू वैद्य, फसव्या कंपन्या आणि बाबा-बुवा यांचा समाचार घेतला गेला. दुसऱ्या संग्रहाचे शीर्षक पाहण्याजोगे आहे. पारा आणि गंधक एकत्र खलून जे काळे चूर्ण होते ते कज्जली. रसौषधांच्या निर्मितीतील ही पायाभूत पायरी होय. मराठी वैद्यकपरंपरेतही हा शब्द तसाच आहे. दिवसा औषधांचे उत्पादन पाहणारा रसायनज्ञ रात्री समाजातील भेसळ तपासत होता, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याहून नेमके विधान करणे शक्य आहे. परशुरामांचा विनोद अतिशयोक्तीवर कमी आणि तपशिलाच्या अचूकतेवर अधिक उभा आहे. नकली वस्तूचे वर्णन तो अस्सल वस्तूच्या परिभाषेत करतो आणि विसंगती आपोआप उघडी पडते.

बसूंचे दुसरे कार्य कोशकाराचे. त्यांचा 'चलन्तिका' हा बंगाली कोश १९३० मध्ये निघाला. पुढे कलकत्ता विद्यापीठाच्या परिभाषा समितीचे आणि शुद्धलेखन सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. औषधाचे प्रमाणीकरण आणि भाषेचे प्रमाणीकरण ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे, एकाच दशकाच्या आगेमागे यावीत, हा केवळ योगायोग मानता येत नाही. वसाहतकालीन बंगालमध्ये रसायनज्ञ हा 'मानक ठरविण्याची' सवय असलेला नवा बुद्धिजीवी होता आणि समाजाने त्या सवयीचा उपयोग अन्यत्रही करून घेतला.

मराठीत नेमकी अशी जोडगोळी सापडत नाही. येथे कामाची विभागणी वेगळी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनादी शास्त्रांवर मराठीत ग्रंथरचना केली, पुण्याच्या आनंदाश्रमाने 'रसरत्नसमुच्चय' छापला, मुंबईत यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी आयुर्वेदीय ग्रंथांच्या संपादनाचा मोठा उद्योग केला, डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'औषधिसंग्रह' वनौषधींचा मराठीतील आधारग्रंथ ठरला. अनुवाद, संपादन आणि संग्रह ही तिन्ही कामे येथे झाली; परंतु ग्रंथकार आणि प्रयोगशाळा यांची एकाच छपराखाली भेट मात्र बंगालच्या तुलनेने उशिरा झाली. या भेदामुळे मराठी वैज्ञानिक गद्याला विद्वत्तेचा भारदस्तपणा लाभला, पण 'परशुरामां'सारखा प्रयोगशाळेतून थेट कथेत उतरलेला लेखक लाभला नाही.

४. ठराव, समिती, प्रयोगशाळा

औषधांच्या गुणवत्तेचा प्रश्न अखिल भारतीय पातळीवर आला त्याला एक महाराष्ट्रीय निमित्त आहे. मार्च १९२७ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर यांनी औषधांच्या बेसुमार वापरावर नियंत्रण आणावे आणि त्यांच्या निर्मितीचे व विक्रीचे प्रमाणीकरण करावे, अशा आशयाचा ठराव मांडला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९३० मध्ये, सरकारने औषध चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते कर्नल रामनाथ चोप्रा (१८८२–१९७३). कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये १९२१ पासून ते औषधगुणविज्ञानाचे प्राध्यापक होते. समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला. बाजारातील निकृष्ट व भेसळयुक्त औषधांचे चित्र तर त्यात होतेच. परंतु त्याहून दूरगामी होते ते उपाययोजनेचे स्वरूप. मध्यवर्ती कायदा, मध्यवर्ती व प्रांतिक प्रयोगशाळा, औषधविक्रेत्यांची नोंदणी आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण, या चार गोष्टी समितीने एकत्र मागितल्या. तपासणारा माणूस घडविल्याशिवाय तपासणीचा कायदा निरर्थक ठरतो, हे त्यामागील सूत्र होते.

त्यानुसार १९३७ मध्ये कलकत्त्यात बायोकेमिकल स्टँडर्डायझेशन लॅबोरेटरी स्थापन झाली. पुढे तिच्यातूनच केंद्रीय औषध प्रयोगशाळा आकाराला आली. १९४० मध्ये औषध कायदा झाला. त्याच्या मुख्य तरतुदींचा अंमल १९४७ मध्ये सुरू झाला. १९४८ मध्ये फार्मसी कायदा आला. १९४६ ची भारतीय औषधसूची आणि त्यानंतर १९५५ चा पहिला 'इंडियन फार्माकोपिया' ही या प्रक्रियेची ग्रंथरूप निष्पत्ती होय. फार्माकोपियाच्या कामात प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. बी. मुखर्जी यांचा वाटा मोठा होता. पुढे ते लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे संचालक झाले.

फार्माकोपिया या ग्रंथप्रकाराकडे साहित्याच्या अभ्यासकांनी क्वचितच पाहिले आहे. त्यातील प्रत्येक नोंदीची रचना ठरलेली असते : द्रव्याचे नाव, वर्णन, ओळख पटविण्याच्या चाचण्या, अशुद्धतेच्या मर्यादा, द्रव्याचे प्रमाण मोजण्याची रीत आणि साठवणीच्या सूचना. कर्ता नाही, काळ नाही, मत नाही. तरीही तो वर्णनपर ग्रंथ नव्हे. तो विधिग्रंथ आहे. येथील 'पांढरे, गंधहीन चूर्ण' हे शब्द वस्तू कशी आहे एवढेच सांगत नाहीत, ती कशी असलीच पाहिजे हे सांगतात. कायद्याने या भाषेला आणखी एक बळ दिले आहे. सरकारी विश्लेषकाचा अहवाल न्यायालयात पुरावा मानला जातो. २८ दिवसांत त्याला आव्हान दिले गेले नाही तर तो निर्णायक ठरतो. आणि वाद झाला तर केंद्रीय औषध प्रयोगशाळेचा अहवाल हा अंतिम पुरावा असतो. ज्या पानावर काही आकडे आणि 'प्रमाणित दर्जाचे नाही' एवढा शेरा असतो, त्या पानाचे वजन एखाद्या साक्षीदाराच्या संपूर्ण जबानीहून अधिक असू शकते.

५. तीन शब्द

येथे बंगाली आणि मराठी या दोन भाषांतील तीन सामायिक शब्दांचा विचार उपयुक्त ठरेल.

पहिला शब्द 'प्रमाण'. मराठीत त्याचे अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत : पुरावा, परिमाण, गुणोत्तर आणि मानक. 'औषधाचे प्रमाण', 'वेद प्रमाण' आणि 'प्रमाणभाषा' हे तिन्ही प्रयोग मराठी वाचक विनासायास करतो. बंगालीत 'प्रमाण' मुख्यतः पुराव्याकडे झुकतो. पूर्ण मापाच्या वस्तूला 'प्रमाण' म्हणण्याची रीत असली तरी मानकासाठी 'मान' हा शब्द अधिक चालतो. औषध-विश्लेषणाचे सारे कार्य मराठीतील एका शब्दात सामावते, हे येथे दिसते : प्रमाण (मोजमाप) काढून ते प्रमाणाशी (मानकाशी) ताडायचे आणि त्याचे प्रमाण (पुरावा) न्यायालयापुढे ठेवायचे. ही सोय आहे, तसाच धोकाही आहे. तीन क्रियांना एकच नाव असले की त्यांतील एखादी गळाली तरी ते चटकन लक्षात येत नाही.

दुसरा शब्द 'मात्रा'. दोन्ही भाषांत तो औषधाची मोजणी आणि छंदाची मोजणी अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. बंगालीत अक्षराच्या डोक्यावरील आडव्या रेषेलाही मात्रा म्हणतात. मराठीत मात्रा हे स्वरचिन्ह आहे, आणि वैद्याने उगाळून द्यायची मात्रा तर घरोघर परिचित होती. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' या वाक्प्रचारात औषधाची परिणामकारकता माणसाच्या प्रभावासाठी रूपकात्म झाली आहे. लोकभाषेने औषधाची कसोटी परिणामावरून ठरविली : लागू पडते की नाही. आधुनिक विश्लेषण हीच कसोटी रोग्याच्या शरीरातून काढून नळीत आणते. औषध लागू पडेल की नाही हे पाहण्याआधी ते तेच औषध आहे का, हे तिथे विचारले जाते.

तिसरा शब्द 'कस'. सोन्याचा कस, जमिनीचा कस, औषधाचा कस; आणि त्यातूनच कसोटी. बंगालीतील 'कष्टिपाथर' हा त्याच कुळातील आहे. कस या शब्दात द्रव्याच्या अंगभूत सत्त्वाची कल्पना आहे. भेसळीची कल्पना त्याच्या उलट टोकाला. मराठीतील 'भेसळ' आणि बंगालीतील 'भेजाल' हे दोन्ही दैनंदिन शब्द आहेत. ते राग व्यक्त करतात. 'प्रमाणित दर्जाचे नाही' या कायदेशीर वाक्यात राग नसतो. भावनेपासून निकषापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच या विद्याशाखेचा भाषिक इतिहास होय.

६. विद्यापीठातील विश्लेषक

चोप्रा समितीच्या अहवालाच्या आगेमागेच विद्यापीठांत पायाभरणी सुरू झाली होती. महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनाचे शिक्षण सुरू झाले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये स्थापन झाला. नागपूर विद्यापीठात चाळिशीच्या दशकात औषधनिर्माणशास्त्राचा विभाग निघाला. बंगाल आणि महाराष्ट्र यांच्यातील विद्वानांची ये-जा याआधीच चालू होती. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९४६ मध्ये पुण्याला परतून त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी केली. देशी औषधाच्या तपासणीत वनस्पतीची ओळख ही रासायनिक चाचणीच्या आधीची पायरी असते. त्या दृष्टीने या परंपरेचे महत्त्व लक्षात येते. पुढील पिढीत जादवपूरचे अनिलकुमार डे आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एस. एम. खोपकर यांनी, आर. ए. चाल्मर्स यांच्यासह लिहिलेला धातूंच्या द्रावक-निष्कर्षणावरील ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. विषय औषधांचा नव्हे, धातूंचा. पण मिश्रणातून एक घटक निवडून वेगळा काढण्याची ही विद्या औषध-विश्लेषकाचीही मूलभूत विद्या आहे.

आज औषध-विश्लेषणाच्या प्राध्यापकाची कारकीर्द बऱ्याच अंशी ठरलेल्या मार्गाने जाते. औषधनिर्माणशास्त्राची पदवी, विश्लेषणातील पदव्युत्तर पदवी आणि मग एखाद्या औषधाचे वा दोन औषधांच्या संयोगाचे मापन करणाऱ्या नव्या पद्धतीवरील प्रबंध. साधन बहुधा उच्चदाब द्रव क्रोमॅटोग्राफीचे असते. पद्धत शोधणे हा कामाचा अर्धा भाग. ती विश्वासार्ह आहे हे दाखविणे हा दुसरा. तीच मोजणी पुनःपुन्हा केली तर उत्तर तेच येते का. आलेले उत्तर खऱ्या किमतीच्या जवळ आहे का. औषधाचे विघटन झाले तर पद्धतीला ते कळते का. किती कमी प्रमाणापर्यंत ती पाहू शकते, अशा प्रश्नांची आंतरराष्ट्रीय पातळीवर एक यादीच तयार झाली आहे. १९९० च्या दशकातील मार्गदर्शक तत्त्वांनी ती घालून दिली आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती संमत झाली. उत्तराचा सारखेपणा आणि उत्तराचा खरेपणा यांत येथे काटेकोर भेद केला जातो. चुकीचा काटा रोज तेच चुकीचे वजन दाखवू शकतो, ही साधी गोष्ट त्यामागे आहे.

या प्रबंधांवर एकसाचीपणाचा आक्षेप घेतला जातो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. एकाच औषधावर अल्प फरकाच्या अनेक पद्धती प्रसिद्ध होतात आणि त्यांपैकी थोड्याच प्रत्यक्ष तपासणीत वापरल्या जातात. परंतु या आक्षेपातच विद्याशाखेचे वैशिष्ट्यही दडलेले आहे. विश्लेषकाच्या यशाची बातमी होत नाही. त्याने शंभर बाटल्या तपासल्या आणि त्या सर्व योग्य निघाल्या, तर जगात काहीच घडत नाही. जे घडते ते त्याच्या अनुपस्थितीत घडते.

७. न वाचलेले पान

जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना देण्यात आलेले ग्लिसरॉल औषधी प्रतीचे नव्हते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे द्रव्य होते. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोड. नजरेला, जिभेला फरक न कळणारे. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि राजकीय हस्तक्षेप या सर्वांवर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. मराठी सार्वजनिक जीवनात औषध-तपासणी हा विषय घराघरांत चर्चिला गेला तो या वेळी.

या विषाची ओळख नवी नव्हती. १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रव्यात विरघळविलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली आणि पुढच्या वर्षी तेथील औषध कायदा बदलला. १९७२ मध्ये मद्रासमध्ये, १९९८ मध्ये दिल्ली-गुडगाव परिसरात, २०१९-२० मध्ये जम्मूतील रामनगर येथे मुले दगावली. २०२२ मध्ये गाम्बियात साठाहून अधिक मुलांच्या मृत्यूंच्या संदर्भात भारतात बनलेल्या औषधांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. त्यांपैकी अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणण्यात आले होते. त्या औषधात निम्म्याच्या जवळपास हे विष आढळले.

या मालिकेत ज्ञानाची उणीव जवळजवळ कोठेच नाही. डायएथिलीन ग्लायकॉल ओळखण्याची रीत पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला अवगत असते. उणीव आहे ती चाचणी आणि वापर यांच्यामधल्या जागेत. नमुना वेळेवर घेतला गेला नाही, घेतला तर तपासला गेला नाही, तपासला तर अहवाल योग्य हाती पोहोचला नाही, किंवा कच्च्या मालाचे पुरवठादाराने दिलेले प्रमाणपत्रच चाचणी मानले गेले. शेवटचा प्रकार विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. येथे प्रमाणाची जागा प्रमाणपत्राने घेतली. वर म्हटल्याप्रमाणे, एकाच नावाच्या तीन क्रियांपैकी मोजण्याची क्रिया गळाली आणि पुराव्याचा कागद तेवढा उरला. अमेरिकी फार्माकोपियाने २००९ मध्ये ग्लिसरीनच्या ओळख-चाचणीतच या विषाचा शोध अंतर्भूत केला, त्यामागील विचार हाच होता : जो 'मी ग्लिसरीन आहे' असे म्हणतो, त्याने आधी आपण ते दुसरे द्रव्य नाही हे सिद्ध करावे.

राय यांनी डोळ्यांदेखत दोहवून घेतलेल्या गाईंची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. त्यांनी लेबलावर विश्वास ठेवला नाही. त्यासाठी लागलेला वेळ, पैसा आणि लोकांनी केलेली संभाव्य थट्टा त्यांनी विश्लेषणाच्या खर्चातच धरली. प्रमाणीकरणाची संस्था उभी राहिल्यावर तो खर्च यंत्रणेने उचलावा, अशी अपेक्षा होती. यंत्रणा तो टाळू लागली की संस्थेचे बाह्य रूप कायम राहते. शिक्का, क्रमांक, सही सर्व असते. फक्त गाय कोणी पाहिलेली नसते.

८. समारोप

औषध-विश्लेषणाचा इतिहास हा तौलनिक साहित्याच्या परिघाबाहेरचा विषय आहे, ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. शुद्ध पाठ, प्रक्षेप, प्रमाण, प्रामाण्य, साक्ष हे या विद्याशाखेचेही मूलभूत प्रश्न आहेत. कलकत्त्याने तिला संस्थापक, कथाकार, कोशकार आणि प्रयोगशाळा दिली. महाराष्ट्राने तिला विधिमंडळातील पहिला आग्रह, ग्रंथसंपादनाची परंपरा, शिक्षणसंस्था आणि १९८६ चा कटू धडा दिला. या दोन इतिहासांची सांगड घातल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते : मानक निर्माण करणे ही अर्धीच गोष्ट आहे, मानकाशी ताडून पाहणारा वाचक घडविणे ही उरलेली अर्धी.

बजबज परिसरातील निश्चिंतपूर येथे आज तंत्रशिक्षणाबरोबर औषधनिर्माणशास्त्रही शिकविले जाते. ज्या नदीकाठी तेलाच्या ज्वलनशीलतेची परीक्षा कायद्याने सक्तीची झाली होती, तेथील विद्यार्थी आता गोळीतील औषध मोजण्यास शिकतात. त्या परीक्षेला मालमत्तेच्या भीतीचे बळ होते. ही परीक्षा कोणाच्या भीतीवर उभी राहील, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. बाटली उघडणाऱ्या आईजवळ उपकरण नसते आणि फार्माकोपियाही नसतो. तिच्या वतीने कोणीतरी ते पान आधी वाचलेले आहे, एवढाच तिचा विश्वास असतो. आणि औषध-विश्लेषकाच्या साऱ्या कारकिर्दीचे प्रयोजन त्या विश्वासाला आधार देणे हे आहे.